मासिकं बंद कशी पडतात

'लघुनियतकालिक' हा शब्द उच्चारायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात त्यातली काही नियतकालिकं वाचून संपली असती. लिटल मॅगझिनचं हे भारदस्त भाषांतर कोणी केलं कोण जाणे. वस्तू मात्र अगदी साधी होती. थोडी पानं, एखादी पिन, चार-पाच मित्र, आणि पुढचा अंक कधी येणार याची कोणालाच खात्री नाही. तरी गेल्या साठ-सत्तर वर्षांतली जी मराठी कविता आपल्याला 'आपली' वाटते, तिचा बराचसा भाग या पानांतून आलाय. कोलटकर, चित्रे, नेमाडे, ढसाळ.. यांच्यापैकी कोणाचंही नाव काढा, मागे कुठेतरी एक बंद पडलेलं मासिक सापडतंच.

मला कुतूहल आहे ते त्या बंद पडण्याचं. साहित्याच्या इतिहासात कोणी काय लिहिलं हे असतं. ते छापलं कुठे, पैसे कोणी दिले, आणि शेवटी नक्की काय झालं म्हणून दुकान मिटलं, हे फारसं नसतं. आमच्या धंद्यात एखादी सिस्टिम पडली की तिचं शवविच्छेदन करायची पद्धत आहे. कोणाला फटके द्यायचे म्हणून नव्हे, पुढच्या वेळी काय जपायचं ते कळावं म्हणून. तसंच काहीसं करून बघू.

सुरुवात 'शब्द'पासून. १९५० च्या दशकाच्या मध्यावर दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ या मंडळींनी मुंबईत हे काढलं. चित्रे १९३८ चे, म्हणजे तेव्हा जेमतेम सतरा-अठरा वर्षांचे. कोलटकर थोडे मोठे, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या वळणाचे, पुढे जाहिरातींच्या जगात नाव काढणारे. काळ कसला होता? संयुक्त महाराष्ट्राचा. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला, आणि पुढची काही वर्षं या शहरात दुसरा विषय नव्हता. मोठी वर्तमानपत्रं एक तर या बाजूची नाहीतर त्या बाजूची. अशा वेळी काही पोरं कवितेचं मासिक काढत बसली, तेही कोणत्याच बाजूचं नाही असं, हे आज जरा विचित्र वाटतं. पण गोंधळाच्या काळात सगळ्यात आधी गायब होते ती अशी जागा, जिथे तुम्ही कोणत्या बाजूचे हे न सांगता बोलता येतं. 'शब्द' ही तशी जागा होती.

हे शक्य झालं ते एका यंत्रामुळे. सायक्लोस्टाईल. आजच्या मंडळींनी हे पाहिलं नसेल म्हणून सांगतो. मेणाचा थर दिलेला एक पातळ कागद असायचा, त्याला स्टेन्सिल म्हणत. टाईपरायटरची रिबन बाजूला करून त्यावर टाईप करायचं, म्हणजे अक्षराच्या आकाराचा मेणाचा थर निघायचा. किंवा टोकदार लेखणीने हाताने लिहायचं. मग ते स्टेन्सिल शाईच्या रुळावर चढवायचं आणि हँडल फिरवायचं. एका स्टेन्सिलमधून काहीशे प्रती निघायच्या, मग ते फाटायला लागायचं. चूक झाली तर लाल रंगाचं एक द्रावण लावून ती बुजवायची. त्या काळात छापखान्यात पुस्तक छापायचं म्हणजे खिळे जुळवणारा माणूस, प्रूफं, चित्र असेल तर त्याचा वेगळा ब्लॉक, आणि या सगळ्याचे पैसे आगाऊ. सायक्लोस्टाईलमध्ये अक्षर आणि रेषा एकाच मेणावर, एकाच हाताने. चित्रकार-कवींना हे फावणारच. गंमत म्हणजे ही यंत्रं मुळात सरकारी आणि कंपन्यांच्या कचेऱ्यांतली परिपत्रकं काढायला आली होती. कारकुनीसाठी आणलेल्या यंत्रावर कविता निघायला लागल्या.

'शब्द' १९६० च्या आसपास थांबलं. त्यानंतर १९६३ मध्ये अशोक शहाण्यांनी 'असो' काढलं. त्याच वर्षी शहाण्यांचा 'आजकालच्या मराठी वाङ्मयावर क्ष-किरण' हा लेख 'मनोहर'मध्ये आला. त्यात त्यांनी प्रतिष्ठित मराठी साहित्याची जी हजेरी घेतली तिचे पडसाद बरीच वर्षं उमटत राहिले. १९६३ हेच 'कोसला'चंही वर्ष. मग रांगच लागली. औरंगाबादहून नेमाडे आणि त्यांच्या मित्रांचं 'वाचा'. मुंबईत राजा ढाले, सतीश काळसेकर, तुळसी परब यांच्या भोवतीचं 'येरू', 'चक्रवर्ती', 'फक्त'. चंद्रकांत खोतांचं 'अबकडइ'. नावंच बघा ना. 'ज्ञानप्रकाश', 'विविधज्ञानविस्तार' अशी नावं ठेवणाऱ्या भाषेत कोणीतरी मासिकाचं नाव 'असो' ठेवतो, म्हणजे त्याला काय म्हणायचंय ते मुखपृष्ठावरच कळलं.

समोर कोण होतं, तर 'सत्यकथा'. गिरगावात खटाववाडीत मौजेचा छापखाना आणि तिथून निघणारं हे मासिक, श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धनांच्या संपादनाखालचं. तिथे लिखाण छापून येणं म्हणजे लेखक झाल्याचं सर्टिफिकेट. १९६९ मध्ये राजा ढाल्यांनी 'सत्यकथेची सत्यकथा' लिहून तिच्यावर हल्ला चढवला आणि मित्रांबरोबर खटाववाडीत जाऊन 'सत्यकथे'च्या अंकाची होळी केली. हा प्रसंग सांगताना लोक एका बाजूला व्हिलन आणि दुसऱ्या बाजूला हिरो उभे करतात. मला ते पटत नाही. मर्ढेकरांवर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा त्यांच्यामागे उभं राहिलेलं घर हेच. जी. ए. कुलकर्णी, गंगाधर गाडगीळ वाचकांपुढे आले ते इथूनच. संपादनाची जी मेहनत 'सत्यकथे'त व्हायची ती लघुनियतकालिकांत क्वचितच दिसते. पण दार एकच असलं की दारवान कितीही चांगला असो, बाहेर राहिलेल्यांची गर्दी वाढतच जाते. गिरणगावातलं, डॉकमधलं, कामाठीपुऱ्यातलं मराठी या दारातून आत यायला फार वेळ घेत होतं.

नकाशावर हे सगळं किती जवळजवळ होतं ते बघण्यासारखं आहे. कफ परेडच्या मच्छीमार नगरातून निघा. ज्या वर्षांत ही मासिकं निघत होती त्याच वर्षांत तिथे भरणी टाकून समुद्र मागे ढकलला जात होता आणि कोळ्यांच्या होड्यांच्या पाठीमागे टॉवर उभे राहायला लागले होते. तिथून दोन-तीन किलोमीटरवर काळा घोडा. इथल्या वेसाईड इनमध्ये कोलटकर वर्षानुवर्षं बसत, आणि समोर दिसणाऱ्या फुटपाथवरच्या माणसांच्या कविता त्यांनी केल्या. पलीकडे जहांगीर आर्ट गॅलरी, तिच्यातलं समोवार हे २०१५ मध्ये बंद झालेलं कॅफे. पुढे फ्लोरा फाउंटन, मग गिरगाव, खटाववाडी. आणखी पुढे लालबाग-परळ, गिरण्यांचे भोंगे, नारायण सुरव्यांचं विद्यापीठ. सगळं मिळून दहा-बारा किलोमीटर. बसने एका तासाच्या आतलं जग. पण यातल्या एका टोकाच्या माणसाने दुसऱ्या टोकाच्या माणसाची कविता वाचावी अशी सोय या चार पिन मारलेल्या पानांशिवाय फारशी नव्हती.

आता मूळ प्रश्नाकडे. मासिक बंद का पडतं?

पहिलं उत्तर आपल्याला तोंडपाठ असतं, सरकार बंदी घालतं. असं झालंय. कलकत्त्याच्या हंग्री जनरेशनवाल्यांना १९६४ मध्ये पकडलं, मलय रायचौधुरींना १९६५ मध्ये एका कवितेबद्दल दोनशे रुपये दंड झाला, आणि १९६७ मध्ये हायकोर्टाने त्यांना सोडलं. मॉस्कोत अलेक्सांद्र गिन्झबुर्गने टाईपरायटरवर 'सिंटॅक्सिस' नावाचं कवितांचं मासिक काढलं, तीन अंक झाले आणि १९६० मध्ये तो आत गेला. पण जरा नीट बघितलं तर थेट बंदी हा महागडा मार्ग आहे. कोर्ट, वकील, बातम्या, वर कवीला प्रसिद्धी. स्वस्त मार्ग वेगळाच आहे. मधल्या माणसाला घाबरवायचं.

आपल्याकडे १८६७ चा प्रेस अँड रजिस्ट्रेशन ऑफ बुक्स ॲक्ट होता. १८५७ ला दहा वर्षं झाल्यावर इंग्रजांनी केलेला हा कायदा २०२४ पर्यंत चालला! त्याची मुख्य अट अशी की प्रत्येक छापील गोष्टीवर मुद्रकाचं नाव आणि छापल्याचं ठिकाण हवं, आणि छापखाना चालवणाऱ्याने मॅजिस्ट्रेटपुढे तसं लिहून द्यायचं. कायद्याच्या व्याख्येत सायक्लोस्टाईलसुद्धा 'छपाई'च होती, म्हणजे तिथेही सुटका नाही. दिसायला ही निव्वळ नोंदणी. पण विचार करा, लेखकाला आपल्या ओळीची किंमत माहीत असते, तो ती मोजायला तयार असतो. मुद्रकाला ती कविता आवडतेय की नाही हेही ठाऊक नसतं. त्याचा जीव असतो लग्नपत्रिकांत आणि बिलबुकांत. आणि कायद्याने पत्ता मात्र त्याचाच छापलेला.

आणीबाणीत नेमकं हेच झालं. जून १९७५ मध्ये पूर्वतपासणी आली, म्हणजे छापण्याआधी मजकूर सेन्सॉरला दाखवायचा. मुंबईत ए. डी. गोरवाला यांचं 'ओपिनियन' नावाचं साप्ताहिक होतं. गोरवाला निवृत्त आयसीएस अधिकारी, घाबरणारे नव्हेत. मग दबाव आला तो छापखान्यांवर. छापायला कोणी तयार होईना तेव्हा अंक सायक्लोस्टाईल करून पोस्टाने जाऊ लागला, आणि १९७६ मध्ये तेही थांबलं. राजमोहन गांधींच्या 'हिंमत'चीही तीच गत. मुद्रक मागे हटले. त्यांनी वाचकांना पैशाची हाक दिली आणि स्वतःचं छोटं मशीनच विकत घेतलं. मिनू मसानींच्या 'फ्रीडम फर्स्ट'ने सेन्सॉरशी हायकोर्टात भांडून १९७६ मध्ये निकाल आपल्या बाजूने मिळवला. एकाच शहरातली, इंग्रजीतली ही तीन छोटी पत्रं. एकाने पोस्टाचा रस्ता धरला, एकाने यंत्र घेतलं, एक कोर्टात गेलं. तिघांचाही झगडा आधी मधल्या दुव्याशी होता.

हीच गोष्ट आणीबाणी नसतानाही होते, याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे वसंत दत्तात्रेय गुर्जरांची 'गांधी मला भेटला' ही कविता. पहिल्यांदा आली ती १९८३ मध्ये, भिंतीवर लावायचं पोस्टर म्हणून. म्हणजे लघुनियतकालिकाचं शेवटचं टोक, एका पानाचं. १९९४ मध्ये ती बँक कर्मचाऱ्यांच्या एका युनियनच्या बुलेटिनमध्ये पुन्हा छापली गेली आणि अश्लीलतेचा खटला उभा राहिला. तो फिरत फिरत १४ मे २०१५ ला सुप्रीम कोर्टात निकाली निघाला. बुलेटिनच्या संपादकाने पूर्वीच बिनशर्त माफी छापली होती, म्हणून तो आणि मुद्रक सुटले. कवीला मात्र खटल्याला सामोरं जायला सांगितलं. यात मला त्या संपादकाला बोल लावायचा नाहीये. युनियनचं पत्रक काढणाऱ्या माणसाने वीस वर्षं कोर्टाच्या पायऱ्या का झिजवाव्यात? पण हिशोब दिसतो. माफी स्वस्त, कविता महाग. पुढच्या वेळी ती फाईल त्याच्या टेबलावर आली तर तो ती छापेल का?

मुद्दाम सांगतो, कारण त्याच्या दोनच महिने आधी, २४ मार्च २०१५ ला, त्याच कोर्टाने आयटी ॲक्टचं कलम ६६अ रद्द केलं होतं. ते प्रकरण ज्या घटनांमुळे उभं राहिलं त्यातली एक आपल्या बाजूचीच, नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला दोन मुलींना एक फेसबुक पोस्ट आणि एका लाईकवरून झालेली अटक. म्हणजे एकाच उन्हाळ्यात ऑनलाईन लिहिणाऱ्याला थोडा मोकळा श्वास मिळाला आणि कागदावरच्या कवीला खटला मिळाला. निष्कर्ष काढायचा मोह होतो की चला, ऑनलाईन जाऊ, तिथे ना मुद्रक ना मॅजिस्ट्रेट.

काही मित्र सध्या याच विचारात आहेत. साहित्य आणि चित्रकला दोन्ही असलेलं, जाहिरातींशिवायचं ऑनलाईन मासिक काढायचं म्हणतायत, आणि अर्थातच विचारणा झाली की वेबसाईटचं तू बघशील ना? बघेन की. ते सगळ्यात सोपं काम आहे. एका डोमेनचा वर्षाचा खर्च आणि महिन्याचं होस्टिंग मिळून दोन पिझ्झांच्या वर जाऊ नये. २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'हाकारा'सारख्या मराठी-इंग्रजी नियतकालिकाने दाखवून दिलंच आहे की प्रत्येक अंकाला एक सूत्र धरून कविता, निबंध, चित्रं एकत्र नीट मांडता येतात. पण मधला माणूस गेलेला नाही, तो फक्त दिसेनासा झालाय. होस्टिंग देणारा, डोमेन देणारा, पैसे गोळा करून देणारा, लिंक दाखवणारा किंवा न दाखवणारा. यातला प्रत्येक जण तो जुना मुद्रकच आहे. लग्नपत्रिका छापून पोट भरणारा, आणि तुमच्या कवितेसाठी भांडण्याचं कोणतंही कारण नसलेला. म्हणून मी त्यांना सुचवलेली पहिली गोष्ट डिझाईनची नव्हती. सगळा मजकूर साध्या फाईल्समध्ये ठेवा, की एक दार लागलं तर तासाभरात दुसरीकडे बिऱ्हाड हलवता येईल. 'हिंमत'ने मशीन घेतलं त्याचंच हे आजचं रूप.

बंद पडण्याचं दुसरं कारण कमी नाट्यमय आहे. माणूस दमतो. लघुनियतकालिकांच्या इतिहासात पोलिसांपेक्षा नोकरी, लग्न आणि मित्रांची भांडणं यांनी जास्त अंक खाल्ले असणार. आणि संपादकांच्या यादीत बायका जवळजवळ नाहीतच, हेही इथेच नोंदवायला हवं. रात्र रात्र बसून अंक काढायची चैन घरात दुसरं कोणीतरी स्वयंपाक करत असतं तेव्हाच परवडते. उलट उदाहरण म्हणजे गंगाधर पानतावण्यांचं 'अस्मितादर्श'. औरंगाबादहून १९६० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेलं हे नियतकालिक त्यांनी २०१८ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत, म्हणजे जवळपास पन्नास वर्षं जपलं. दलित साहित्याच्या किती पिढ्या त्यातून उभ्या राहिल्या. त्यांच्यामागे मोठं भांडवल नव्हतं. लिहिणारे आणि वाचणारे यांचा एक समाज होता, ज्याला हे मासिक गरजेचं होतं.

मग 'असो' फसलं म्हणायचं का? मला नाही वाटत. 'असो' थांबल्यावर शहाण्यांनी जे शिकलेलं होतं ते प्रास प्रकाशनात ओतलं. १९७७ मध्ये 'अरुण कोलटकरच्या कविता' प्रासने काढलं आणि पुढे जवळजवळ तीस वर्षं कोलटकरांची पुस्तकं शहाणेच काढत राहिले. २००५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला ती 'भिजकी वही' त्यातलीच. कोलटकर २००४ मध्ये गेले होते. ढाले आणि ढसाळ १९७२ मध्ये दलित पँथरमध्ये दिसले. ढाल्यांच्या 'साधना'तल्या १५ ऑगस्ट १९७२ च्या 'काळा स्वातंत्र्यदिन' लेखाने महाराष्ट्र ढवळून काढला. त्या लेखाचा सूर आधी शे-दोनशे प्रतींत घोटलेला होता. आणि 'सत्यकथा'? तीही ऑगस्ट १९८२ मध्ये थांबली. मोठा छापखाना, चांगला संपादक, पन्नास वर्षांची पुण्याई असूनही. म्हणजे टिकणं ही काही एकमेव कसोटी नव्हे.

तिसरं कारण मात्र आमच्या पिढीने नव्याने शोधलेलं आहे. मासिक बंद पडत नाही, नाहीसं होतं. सायक्लोस्टाईलच्या प्रती पिवळ्या पडल्या, शाई फिकी झाली, पण कोणाच्या तरी माळ्यावरच्या ट्रंकेत अजून सापडतात आणि वाचता येतात. जिओसिटीजवर घातलेलं सगळं २००९ मध्ये गेलं. युनिकोड येण्याआधी 'शिवाजी'सारख्या फाँटमध्ये टंकलेली मराठी पानं आज उघडली तर नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसते. डोमेनचे पैसे भरायचे राहिले की दहा वर्षांचे अंक एका रात्रीत जातात, आणि तिथे कुठलीतरी रमीची जाहिरात झळकते. बंदी नाही, खटला नाही, होळी तर नाहीच. होळी करायला निदान हातात अंक असावा लागतो.

म्हणून मित्रांना सांगितलेली दुसरी गोष्ट ऐकून ते हसले. म्हटलं, प्रत्येक अंकाच्या वीस प्रती कागदावर काढा. चार ग्रंथालयांत द्या, बाकीच्या लिहिणाऱ्यांना वाटा. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात द्या, दादरला. कव्हर वगैरे नको, साधे प्रिंटआउट आणि कोपऱ्यात एक पिन. अंक चार निघोत की चाळीस. कोणीतरी, कधीतरी, कशासाठी तरी ते शोधत येईल तेव्हा हाताला काहीतरी लागलं पाहिजे.

पहिल्या अंकाचं नाव अजून ठरत नाहीये. चांगलं नाव आधीच गेलेलं आहे. असो.